बारावं कलम

माझं ठरलेलं लग्न आतेनं मोडलं, असं आमच्या घरात अजूनही सांगतात. सांगणाऱ्यांत मी सगळ्यांत पुढे असतो, कारण दुसऱ्या कुणी सांगितलं तर त्यात माझा भाग खरा यायची भीती. आमची ही आतून ऐकत असते आणि गोष्ट रंगात आली की म्हणते, "मोडल्यान म्हणान तर मी गावलंय तुमका." त्यात फायदा कुणाचा झाला हे तिच्या आवाजावरून कळत नाही. मीही विचारत नाही.

आते म्हणजे माझ्या वडिलांची चुलत बहीण. परराष्ट्र खात्यात अधिकारी होती. स्वराज्य आल्यावर ज्या चार-दोन बायका त्या खात्यात शिरल्या, त्यांतली एक. दिल्लीत आणि मग दोन परदेशी राजधान्यांत मिळून तिनं काही वर्षं काढली आणि एक दिवस मालवणला परत आली ती कायमची. का आली, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. गावानं तिला 'कॉन्सुलीण' म्हणायला सुरुवात केली. डॉक्टरची बायको डाक्टरीण, मास्तरची बायको मास्तरीण. ही आपल्याच हुद्द्याची बायको झाली.

या बाईला तुच्छ वाटत नाही अशी वस्तू मी पाहिली नाही. सरपंच, भटजी, पंचांग, आमच्या शाळेचं गॅदरिंग, माझ्या मिशा, सगळं एका तराजूत. अपवाद फक्त पोस्टमनचा. तिच्या पडवीत एक वेताची खुर्ची होती आणि एक लाकडी बाक. खुर्ची पोस्टमनची. तो बिचारा काठावर टेकायचा, घाम पुसायचा आणि कधी सुटतो असं त्याला व्हायचं. एकदा तो असा बसलेला असताना सरपंच आले. आतेनं त्यांना बाक दाखवला. सरपंच उभेच राहिले.

"हे दुसरीकडचं पत्र घेऊन येतात," आते म्हणाली, "तुम्ही नुसती मतं न्यायला येता. बसा ना."

शेजारच्या बाबल्याच्या कोंबड्या तिच्या लाल भाजीच्या वाफ्यात शिरायच्या. आमच्याकडे अशा वेळी काय करायचं हे ठरलेलं आहे. कुंपणाशी उभं राहून समोरच्याच्या तीन पिढ्यांचा उद्धार करायचा, त्यानं आपल्या चार पिढ्यांचा करायचा, आणि संध्याकाळी एकाच्या घरचं विरजण दुसऱ्यानं न्यायचं. आते ओरडली नाही. तिनं कागद घेतला आणि लिहिलं:

"आपणांविषयीचा आदर पुन्हा एकवार व्यक्त करून कळविण्यात येते की, आपल्या चार कोंबड्या व एक कोंबडा यांनी आज सकाळी आमच्या हद्दीत प्रवेश करून भाजीच्या वाफ्याची नासधूस केली. याची पुनरावृत्ती उभय घरांच्या स्नेहसंबंधांस पोषक ठरणार नाही, असे खेदपूर्वक नमूद करावे लागते. अत्युच्च आदरासह."

बाबल्याला वाचता येत नव्हतं. तो कागद घेऊन माझ्याकडे आला. मी वाचून दाखवला.

"म्हणजे गाळी घातल्यान काय?"

"घातल्या. पण आदरानं."

बाबल्यानं कागद नीट घडी करून कनवटीला लावला. मग म्हणाला, "मास्तरांनू, माज्या लग्नातसुद्धा असो मान माका कोणी देवक नाय." आणि सहा अंडी पाठवून दिली. आतेनं अंडी ठेवून घेतली आणि मला सांगितलं, "समोरच्या पक्षाने चूक मान्य केली." कोंबड्या दुसऱ्या दिवशी पुन्हा वाफ्यात. बाबल्याला वाटलं असावं, आणखी एखादं पत्र येईल.

तिचं खरं वैर होतं ते ज्या लोकांबरोबर तिनं काम केलं त्यांच्याशी. कोकमासाठी रातांबे फोडायला बसली की तिला ते आठवायचे. रातांबा हातात धरायचा, त्याचे दोन भाग करायचे, बिया काढायच्या. प्रत्येक रातांब्याला एकेका साहेबाचा चेहरा असावा असा तिचा हात चालायचा.

"तिकडची रीत काय, ठाऊक आहे? मेजवानी झाली की बायकांनी उठून दुसऱ्या खोलीत जायचं. पुरुष मागे बसून देशांच्या गोष्टी करणार. मी अधिकारी. पण मलाही बायकांबरोबर उठवायचे. आणि सकाळी साहेब म्हणणार, रात्री काय बोलणं झालं त्याचं टिपण करा. मी म्हटलं, मी तिथे नव्हते. तर म्हणाले, 'हो, पण तुमची भाषा चांगली आहे.'"

"मग काय केलंस?"

"बायकांच्या खोलीत जे ऐकलं त्याचं टिपण केलं. कुणाचा साहेब बदलून चाललाय, कुणाला त्याचं सरकार पुसत नाही, कुणाच्या घरात बोलणं बंद आहे. वरून शाबासकी आली. साहेबांना." आणि फट्दिशी पुढचा रातांबा.

मी मालवणच्या शाळेत भूगोल शिकवत होतो. जगातली कुठलीही राजधानी मला झोपेतून उठवून विचारा. तेवढंच मला येत होतं, आणि आतेला ते ठाऊक होतं. "तुझ्या भूगोलात राजधान्या असतात रे मास्तर," ती म्हणायची, "माणसं नसतात."

आता लग्नाकडे येतो, किती लांबवणार?

मुलगी जवळच्याच कट्टा गावची. तिच्या वडलांचं कापडाचं दुकान, अगदी गाडीच्या थांब्यासमोर. मुंबईला मामाकडे राहून बी.ए. झालेली. मी बघायला गेलो तेव्हा मान खाली घालून बसणं तिला जमत नव्हतं आणि मला दुसरं काही जमत नव्हतं. शेवटी तिनंच विचारलं, "तुमी भूगोल शिकयतास मां? मगे नकाशातलां खंय खंय बगितलास?"

"इन्सुलीच्या नाक्यापर्यंत गेलंय," मी म्हणालो.

तिकडे गोव्याची हद्द. तेव्हा गोवा नुकताच मोकळा झालेला, पण मी गेलो होतो त्या आधी, आणि नाक्यावरच्या शिपायानं नुसतं वळून पाहिलं तर परतीची गाडी धरली होती. तेही सांगून टाकलं. ती खळखळून हसली. मला वाटलं, पसंत पडलो. आणि गंमत म्हणजे खरोखर पडलो होतो. खोटं बोलला नाही म्हणून, असं तिनं नंतर आतेला सांगितलं म्हणे. एवढ्या आधारावर माणसाला पसंत करणारी मुलगी. तिचं पुढे काय होणार याची कुणालाही काळजी वाटली असती.

बोलणी ठरली. आणि लग्नाची याद करायला आठ दिवस राहिले असताना तिला दिल्लीचं पत्र आलं. परीक्षा तिनं आदल्या वर्षी दिली होती, घरी फारसं न सांगता. परराष्ट्र खात्यात निवड झाली होती.

आमच्या घरात तासभर अभिमान होता. बाबा शेजारी जाऊन सांगूनसुद्धा आले. मग आई म्हणाली, "सून दिल्लीक, झील मालवणात. मगे चूल खंय?" अभिमान तिथेच संपला. बाबांनी आतेला बोलावून घेतलं.

"तू त्याच खात्यातली. तुझां ती ऐकतली. जरा समजाव तिका. म्हणाचा, बाये, ह्यां काय खरां न्हय."

आतेनं ऐकून घेतलं. म्हणाली, "दादा, तुमचं म्हणणं मी नोंदवून घेतलं."

आम्ही ते होकारासारखं घेतलं. परदेशात असलं वाक्य ऐकून लोक सैन्य गोळा करतात म्हणे. आम्ही टोप्या चढवून कट्ट्याला निघालो.

वाटेत तिनं मला खात्याचा एक नियम सांगितला. खात्यातल्या बाईला लग्न करायचं तर आधी सरकारची परवानगी लागते. आणि संसार कामाच्या आड येतो असं सरकारला वाटलं, तर राजीनामा मागू शकतात.

"आणि पुरुषाला?"

"पुरुषानं लग्न केलं तर अभिनंदन करतात. देशाची गुपितं बाईकडे विश्वासानं ठेवतात, मास्तर. फक्त नवरा ठेवत नाहीत."

मी शहाणपणानं म्हणालो, "शेवटी नियम तो नियम."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की बाबल्याच्या कोंबड्यांना तिच्या लेखी माझ्याहून बरं स्थान असावं.

कट्ट्याला पोचल्यावर ती सरळ आत गेली, मुलीला समजवायला. तासभर बाहेर आली नाही. आम्ही ओटीवर निर्धास्त बसलो होतो. आतून एकदा हसण्याचा आवाज आला, तेव्हा बाबांनी मला डोळ्यांनी खूण केली, झालं काम. मग ती बाहेर आली, मांडी घालून बसली आणि याद लिहायला कागद मागितला.

याद म्हणजे लग्नाआधीचा करार. देण्याघेण्याचं आमचं काही नव्हतं, ते दोन्हीकडून आधीच नको म्हटलं होतं. पण मानपान होते. वऱ्हाडाला वेशीवर कुणी सामोरं यायचं, मामाचा नारळ कुणी द्यायचा, विहिणीची पंगत आधी की नंतर. हे सगळं कागदावर उतरायचं, खाली दोघा बापांनी सह्या करायच्या, कागदाला हळद-कुंकू लावायचं. आतेनं प्रत्येक गोष्टीला आकडा घातला. दोन्ही पक्षांचं ऐकायची, मान हलवायची आणि असं वाक्य लिहायची की दोघांनाही आपण जिंकलो असं वाटे. सहाव्या कलमाला, मामाचा नारळ शेंडीचा की सोललेला, यावर जरा आवाज चढले. तिनं लिहिलं, "नारळ मामांच्या इतमामास साजेसा असावा." दोन्हीकडचे मामा खूश. अकरा कलमं अर्ध्या तासात झाली. मुलीचे वडील म्हणाले, "कॉन्सुलबाई, तुमका सरकारान सोडल्यान कशी?"

आतेनं कागद वर उचलला. त्याच आवाजात पुढचं वाचलं.

"बारा. वधू नोकरीत रुजू होईल. सरकारची परवानगी मिळाल्यावर लग्न लागेल. परवानगीच्या अर्जासोबत वर स्वतःच्या अक्षरात लिहून देईल की, पत्नीची नेमणूक जिथे होईल तिथे तो स्वखुशीने जाईल आणि तिच्या कामात आड येणार नाही."

बाबांच्या हातातला अडकित्ता सुपारीवर तसाच राहिला.

"ह्यां कोणी लिवक सांगल्यान?" मुलीच्या वडलांनी विचारलं.

"मी," आतल्या दारातून मुलगी म्हणाली, आणि बाहेर येऊन उभी राहिली.

बाबा तिच्याशी बोलले नाहीत. आतेकडे वळले. "अगो, घोव बायलेच्या मागसून जातलो? आणि थयसर जावन करतलो काय?"

"दादा, मी होते तिथे वीस-पंचवीस बायका नवऱ्यांच्या मागून आल्या होत्या. त्या इथे येऊन काय करणार, असं कुणी विचारलं नाही. हा भूगोल शिकवील. भूगोल तिकडेही असतो."

"लोक काय म्हणतले?"

"ते बाराव्या कलमात येत नाही."

मग ती मुलगी माझ्याकडे वळली. "तुमी काय म्हणतास?"

माझ्या लग्नाच्या बाबतीत मला विचारलेला हा पहिला प्रश्न. सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगतो, माझी हरकत नव्हती. क्षणभर तर मला चांगलंच वाटलं. ज्या गावांची नावं मी फळ्यावर खडूनं लिहीत आलो, त्यांतल्या एखाद्या गावात मी कोट घालून उभा आहे. पण लगेच दिसलं की मी तिच्या एक पाऊल मागे उभा आहे आणि कुणीतरी विचारतंय, आपण कोण? आणि मालवणात बाबल्या कुणाला तरी सांगतोय, 'तो गे, कॉन्सुलिणीचो घोव.' कोटाच्या आत मला थंडी वाजली.

मी घसा साफ केला आणि कचेरीत बोलावं तसं शुद्ध बोललो. "माझी काही हरकत नाही. बाबा म्हणतील तसं."

"हरकत नाय, मगे सही करा," ती म्हणाली आणि लेखणी पुढे केली. तिचा हात स्थिर होता. मी लेखणी घेतली, टोक बघितलं, दौत बघितली, आणि म्हणालो, "आठ दिवस द्या. नीट लिहून देतो."

आतेनं यादीखाली लिहिलं, "वराने मुदत मागितली." तिचं अक्षर सुंदर होतं.

मी लिहिलं, नाही असं नाही. दुसऱ्याच दिवशी तिच्याकडे मसुदा घेऊन गेलो. 'शक्य तोवर मी पत्नीसमवेत राहीन.' तिनं तांबडी पेन्सिल काढली आणि 'शक्य तोवर' उडवलं. तिसऱ्या दिवशी 'घरच्या जबाबदाऱ्या सांभाळून' लिहून नेलं, ते गेलं. पाचव्या दिवशी 'हवापाणी मानवल्यास.' ते वाचून तिनं विचारलं, "तू भूगोलाचा मास्तर ना रे?" आणि तेही गेलं. मी 'परंतु' घातला की ती काढायची, 'तथापि' घातलं की काढायची. आठव्या दिवशी सकाळी तिनं तो तांबडा झालेला कागद माझ्यापुढे ठेवला. सगळ्या रेघोट्यांत एकच वाक्य उभं होतं.

'पत्नीची नेमणूक जिथे होईल तिथे मी जाईन.'

"हे मी लिहिलेलं नाही," आते म्हणाली, "तूच लिहिलंस. तुझंच अक्षर आहे. बाकीचं काढलं की एवढं उरलं. कर सही."

अक्षर माझंच होतं. मी कागद उलटा केला, सुलटा केला.

"बाबा सावंतवाडीला गेलेत," मी म्हणालो. "संध्याकाळी येतील. ते आले की..."

तिनं पेन्सिल खाली ठेवली. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. पण ती हळू आवाजात, आमच्या बोलीत बोलली.

"माजा लगीन ठरलेला, ठावक आसा तुका? सावंतवाडीचो होतो. कचेरीत कारकून. मी परवानगी मागलंय. साहेबांनी लिवल्यानी, संसार आणि काम दोन्ही जमाचा नाय. मगे मी राजीनामो दिलंय. घराक इलंय. त्येची आई इली आणि म्हणता कशी, नोकरी गेली? मगे ह्या वयाची सून आमका कित्याक?"

"आणि तो?"

"तो थयसरच बसलेलो. म्हणालो, आई म्हणतली तसां." तिनं कागद घडी करून माझ्या हातात दिला. "त्येचो चेरो माका इतकी वर्सां आठवा नाय होतो. आज आठवलो."

दुपारी पोस्टमनच्या हाती कट्ट्याला पत्र गेलं. उभय घरांच्या स्नेहसंबंधांविषयी, अत्युच्च आदरासह. वरपक्ष बाराव्या कलमाची पूर्तता करू शकत नसल्याने वधू सर्व कलमांतून मुक्त आहे.

संध्याकाळी बाबा आले आणि जो दंगा झाला तो बाबल्यानं कुंपणावर हनुवटी ठेवून ऐकला. घरचीच बाई, घरचंच लग्न मोडते! हिचा स्वतःचा संसार झाला नाही म्हणून दुसऱ्याचा बघवत नाही! बाबा तिच्या पडवीत उभे राहून अर्धा तास बोलत होते. मी मागे उभा होतो. खिशात तो कागद होता. सही मी केली नाही, एवढं एकच वाक्य मला बोलायचं होतं. ती मला बघत होती. मी पायरी बघत होतो.

"दादा," ती शेवटी म्हणाली, "तुमचं म्हणणं मी नोंदवून घेतलं."

माझा भाग तिनं कधीच कुणाला सांगितला नाही. लग्न आतेनं मोडलं, हे तिनंच चालू दिलं.

पंधरा दिवसांनी ती सकाळीच दारात. "चल, मास्तर. कट्ट्याक जावचा आसा. चेडू आज दिल्लीक निघाला. ट्रंक उचलूक माणूस व्हयो."

"मी? थयसर? कोणत्या तोंडान?"

"तोंड नको. हात घेवन चल."

गेलो. नाही म्हणायलाही हिंमत लागते. थांब्यावर मुलीचे वडील माझ्याकडे पाठ करून उभे होते. मुलगी साध्या सुती साडीत, हातात पिशवी, डोळे रडून लाल. पण चेहरा असा की गाडी चुकली तर चालत जाईल. मी ट्रंक खांद्यावर घेऊन शिडीनं टपावर चढलो. वळकटी वर घेतली. खालून तिचा आवाज आला, "मास्तरांनू, दोरी घट्ट बांदा. घाटात उडतली."

"बांदता गो," आते म्हणाली. "तेवढां जमता तेका."

मी गुडघ्यावर बसून गाठ मारत होतो. तीन वेळा मारली, सोडली, पुन्हा मारली. माझ्या हातून तिच्या बाबतीत नीट होणारी ही एकच गोष्ट होती आणि ती लवकर संपू नये असं मला वाटत होतं. तेवढ्यात घंटी वाजली आणि गाडी हलली. मी टपावरच. दुकानं मागे सरकायला लागली. लोक हसायला लागले. मुलीच्या वडलांनीसुद्धा वळून पाहिलं. खिडकीतून तिनं डोकं बाहेर काढलं आणि वर बघून विचारलं, "तुमी येतास?"

ती थट्टा करत होती की खरंच विचारत होती, मला आजही सांगता येत नाही.

आते रस्त्याच्या मधोमध उभी होती. पदर कमरेला खोचलेला, दोन्ही हात वर. "जा रे मेल्या!" ती ओरडली. तिला ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "जा! म्होरल्या थांब्यापर्यंत तरी जा!"

मी टप बडवला. गाडी थांबली. मी उतरलो.